अकोल्याचा करार आणि जेरुसलेमचा नकाशा

१९४७ सालच्या ८ ऑगस्टला, स्वातंत्र्य अवघ्या आठवड्यावर येऊन ठेपले असताना, अकोल्यात एका करारावर सह्या झाल्या. एका बाजूला शंकरराव देव आणि धनंजयराव गाडगीळ यांच्यासारखी पश्चिम महाराष्ट्रातील मंडळी, दुसऱ्या बाजूला लोकनायक बापूजी अणे, ब्रिजलाल बियाणी, पंजाबराव देशमुख, रामराव देशमुख ही वऱ्हाडची मातब्बर माणसे. मराठी भाषकांचा एक प्रांत व्हावा हे तत्त्व बहुतेकांना मान्य होते. परंतु मुंबई-पुण्याच्या सावलीत वऱ्हाड-नागपूर खुरटून जाईल ही वैदर्भीयांची धास्तीही खोटी नव्हती. तोडगा निघाला तो असा की, प्रांत एक असावा, पण त्यात दोन उपप्रांत असावेत. प्रत्येकाचे विधिमंडळ निराळे, मंत्रिमंडळ निराळे. आणि हे न साधल्यास महाविदर्भाचा प्रांत वेगळा मागावा.

त्याच ऑगस्टात जिनिव्हा शहरी आणखी एक मसुदा लिहिला जात होता. पॅलेस्टाईनचे काय करावे हे ठरविण्यासाठी संयुक्त राष्ट्रसंघाने अकरा राष्ट्रांची एक समिती नेमली होती. भारत त्या अकरांत होता आणि भारताचे प्रतिनिधी होते लाहोर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सर अब्दुर रहमान. समितीने जून-जुलैत पॅलेस्टाईन पाहिले आणि ३१ ऑगस्टला आपला अहवाल पुरा केला. सात सभासदांनी फाळणी सुचविली. भारत, इराण आणि युगोस्लाव्हिया या तिघांनी वेगळे मत नोंदविले, आणि ऑस्ट्रेलिया तटस्थ राहिला. तिघांची योजना अशी की, देश एकच राहावा, जेरुसलेम त्याची राजधानी असावी, आणि त्या संघराज्यात एक अरब व एक यहुदी अशी दोन घटकराज्ये आपापला अंतर्गत कारभार पाहोत.

अकोल्याचा मसुदा आणि जिनिव्हाचा मसुदा शेजारी ठेवून वाचताना आम्ही क्षणभर थबकलो. एक छप्पर आणि दोन चुली, ही कल्पना दोन्हीकडे सारखीच आहे. अकोल्यातील मंडळींना जिनिव्हाची आणि जिनिव्हातील न्यायमूर्तींना अकोल्याची वार्ता असण्याचे कारण नव्हते. न्यायमूर्तींच्या स्वतःच्या पंजाबात मात्र त्या आठवड्यांत काय चालले होते, हे सर्वांना ठाऊक आहे. ज्या गृहस्थाने दुसऱ्याची भूमी फाळणीपासून वाचविण्याची योजना लिहिली, त्याच्याच भूमीवरून रॅडक्लिफसाहेबांची रेघ गेली.

दुसऱ्याने आखलेल्या रेघेचे वऱ्हाडी माणसाला नवल वाटू नये. १८५३ साली निजामाने कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केले. १९०२ साली लॉर्ड कर्झनने वर्षाला पंचवीस लाख रुपये देऊ करून ते कायमच्या पट्ट्याने घेतले आणि पुढल्याच वर्षी मध्यप्रांताला जोडून टाकले. मालकी हैदराबादची, अंमल इंग्रजांचा आणि घाम अमरावती-अकोल्याच्या कापूसवाल्या कास्तकाराचा, असा हा प्रकार शंभर वर्षांच्या आसपास चालला. १९३६ च्या करारात निजामाचे नाममात्र स्वामित्व पुन्हा मान्य झाले आणि त्याच्या थोरल्या चिरंजीवास 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला. (या युवराजांचे लग्न १९३१ साली फ्रान्समधील नीस येथे तुर्कस्तानच्या शेवटच्या खलिफाची कन्या दुर्रूशेवार हिच्याशी झाले होते. जे घराणे १९१७ पर्यंत जेरुसलेमवर राज्य करीत होते, त्या घराण्यातील मुलगी वऱ्हाडच्या नावाची युवराज्ञी झाली! इतिहासाला असल्या गमती आवडतात.) या सबंध व्यवहारात वऱ्हाडच्या रयतेला कोणी कधी विचारले नाही.

पॅलेस्टाईनच्या रयतेलाही कोणी विचारले नव्हते. १९१७ च्या २ नोव्हेंबरला ब्रिटिश परराष्ट्रमंत्री बाल्फोर यांनी एका पत्राद्वारे यहुदी लोकांना तेथे 'राष्ट्रीय निवास' देऊ केला. १९२२ साली लीग ऑफ नेशन्सने त्या भूमीच्या कारभाराचा हुकूमनामा इंग्रजांच्या हाती दिला. त्या वर्षीच्या शिरगणतीत लोकसंख्या साडेसात लाख भरली आणि तीत यहुदी सुमारे चौऱ्याऐंशी हजार होते. पुढल्या पंचवीस वर्षांत युरोपात जे घडले, त्याने सारेच बदलले. हिटलरच्या राजवटीत साठ लाख यहुदी मारले गेले. जे वाचले त्यांना आसरा द्यायला युरोप-अमेरिकेचे दरवाजे पुरेसे उघडत नव्हते. अशा माणसाने पूर्वजांच्या भूमीकडे धाव घेतली, तर त्याला दोष कसा द्यावा? आणि ज्या अरब शेतकऱ्याच्या जैतुनाच्या बागेपर्यंत ती धाव पोचली, त्याने तरी युरोपचे पाप आपल्या बांधावर का फेडावे? आमच्या मते सर्व प्रश्नाची गाठ येथे आहे. दोघांपैकी कोणीही आपण होऊन ती मारलेली नाही. ती मारणारे हात तिसऱ्याचे होते; म्हणून ती सोडविण्याची जबाबदारीही त्या दोघांवर टाकून मोकळे होता येत नाही.

१९४७ च्या २९ नोव्हेंबरला युनोच्या आमसभेने ३३ विरुद्ध १३ मतांनी फाळणीचा ठराव मंजूर केला; दहा राष्ट्रे तटस्थ राहिली. भारताने विरोधी मत दिले. त्याच दिवशी इकडे निजामाने भारत सरकारशी 'जैसे थे' करार केला, आणि वऱ्हाड जेथे होते तेथेच राहिले. पुढे हैदराबादची तक्रारही युनोच्या सुरक्षा समितीपुढे गेली. १९४८ च्या १७ सप्टेंबरला हैदराबादने शरणागती पत्करली. त्याच १७ सप्टेंबरला जेरुसलेमच्या रस्त्यावर युनोचे मध्यस्थ काउंट बर्नाडोट यांचा यहुदी अतिरेक्यांनी गोळ्या झाडून खून केला. तारखांच्या योगायोगाला फार अर्थ चिकटवू नये, हे आम्हांस कळते. परंतु या दोन वाटा जेथे फुटल्या, ती जागा या तारखा नेमकी दाखवितात.

आमचा इतिहास रक्तावाचून नाही. पोलीस कारवाईनंतर मराठवाड्यात निरपराध मुसलमानांच्या ज्या हत्या झाल्या, त्यांची नोंद सुंदरलाल समितीने केली आहे, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभरावर माणसे बळी पडली. अकोल्याचा करार तर कागदावरच राहिला. १९५३ साली नागपूर करार झाला. १९५५ साली फाजलअली आयोगाने विदर्भाचे वेगळे राज्य सुचविले, ते दिल्लीने मानले नाही. १ मे १९६० रोजी आम्ही महाराष्ट्रात आलो. अकोल्यात सही करणारे अणे आणि बियाणी पुढे वेगळ्या विदर्भाचेच पुरस्कर्ते झाले, आणि अणे १९६२ साली नागपुरातून लोकसभेवर निवडूनही गेले. दिलेली वचने पुरी पाळली गेली काय? नाही. १९८४ साली दांडेकर समितीने हिशेब मांडला आणि 'अनुशेष' हा शब्द वऱ्हाडच्या घरोघरी पोचला. १९९४ साली वैधानिक विकास मंडळे आली. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

तथापि एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आमची तक्रार नेण्यासाठी जागा होती. घटनेच्या ३७१ (२) कलमाने राज्यपालांवर विशेष जबाबदारी टाकता येत होती, नागपुरास उच्च न्यायालयाचे खंडपीठ होते, हिवाळी अधिवेशन भरत होते, आणि दर निवडणुकीनंतर सत्तेवर कोणीही आला तरी कलम जागचे हलत नव्हते. अनुशेष मोजला जाई, कारण मोजणाऱ्याला तसा अधिकार होता. पॅलेस्टाईनला ठराव मिळाला, पण मोजणारा मिळाला नाही. अरब राष्ट्रांनी फाळणी नाकारली, यहुदी नेतृत्वाने स्वीकारली, इंग्रज हात झटकून निघून गेले आणि ठराव अमलात आणण्यासाठी युनोपाशी एक शिपाईही नव्हता. युद्ध झाले. सात लाखांवर अरब निर्वासित झाले. त्यानंतर अरब देशांतून लाखो यहुदीही परागंदा झाले. ११ डिसेंबर १९४८ च्या ठरावात निर्वासितांना घरी परतू द्यावे असे लिहिले गेले, आणि १९४९ साली त्यांच्यासाठी एक मदतसंस्था निघाली. परतणे राहिले, मदतसंस्थेचे तंबू तेवढे पक्के झाले.

येथे निवडणुकीचा विचार करावयास हवा. कारण इस्रायल-पॅलेस्टाईनचा प्रश्न निघाला की बाहेरचे जग हमखास म्हणते, 'तेथील जनतेने अमुक पक्षाला कौल दिला, आता आम्ही काय करणार?' हा युक्तिवाद इतिहासात टिकत नाही.

१९७७ च्या मे महिन्यात इस्रायलमध्ये मेनाचेम बेगिन निवडून आले. एक इंचही भूमी सोडणार नाही अशी ज्यांची ख्याती, तेच हे गृहस्थ. शांततेची आशा संपली असे त्या वेळी अनेकांना वाटले. प्रत्यक्षात दोनच वर्षांत, २६ मार्च १९७९ रोजी, त्यांनी इजिप्तशी तह केला आणि एप्रिल १९८२ पर्यंत सारा सिनाई परत दिला. यामित ही आपलीच वसाहत त्यांनी आपल्याच सैनिकांकडून रिकामी करविली. इजिप्तचे अन्वर सादात यांनी जेरुसलेमला जाण्याचे जे धैर्य दाखविले, त्याची किंमत त्यांनी १९८१ साली प्राणांनी मोजली. तरीही तह मोडला नाही. कारण अध्यक्ष कार्टर यांनी दोघांना कॅम्प डेव्हिडला तेरा दिवस बसवून ठेवले, तहामागे अमेरिकेचा पैसा उभा केला, आणि युनोची सेना सोव्हिएत विरोधामुळे मिळेना तेव्हा निरनिराळ्या राष्ट्रांची वेगळी सेना सिनाईत येऊन उभी राहिली. त्या तहात पॅलेस्टिनींच्या वाट्याला आश्वासनापलीकडे काही आले नाही, हे त्याचे मोठे वैगुण्य. पण निवडणुकीचा निकाल आडवा आला नाही, एवढे त्यातून सिद्ध होते.

उलट उदाहरणाशी आपल्या देशाचा संबंध आहे. १९५६ च्या सुएझ युद्धानंतर गाझात आणि सिनाईत युनोची सेना तैनात झाली. अकरा वर्षे तीत भारतीय जवान होते. लेफ्टनंट जनरल ग्यानी आणि पुढे मेजर जनरल इंद्रजित रिखी या भारतीय सेनापतींनी तिचे नेतृत्व केले. मे १९६७ मध्ये इजिप्तच्या नासर यांनी 'सेना हलवा' म्हटले आणि युनोने ती हलविली. सामान बांधून निघण्याच्या तयारीत असलेल्या आपल्या जवानांपैकी काही जण ५ जूनला पेटलेल्या युद्धात इस्रायली तोफांना बळी पडले. सहा दिवसांत पश्चिम किनारा, गाझा आणि पूर्व जेरुसलेम इस्रायलच्या ताब्यात गेले. राखणदार काढून घेतल्यावर काय होते, याचा हा धडा भारतीय रक्ताने लिहिला गेला, पण आपल्या शालेय पुस्तकांत आम्हांला तो क्वचितच भेटला.

१९९३ च्या ऑस्लो करारामागे असा राखणदार कधीच नव्हता. नोव्हेंबर १९९५ मध्ये पंतप्रधान राबिन यांचा खून त्यांच्याच एका धर्मबांधवाने केला. १९९६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये हमासच्या आत्मघातकी स्फोटांत जेरुसलेमच्या बसगाड्या उडाल्या. मे महिन्यात नेतान्याहू तीस हजारांहूनही कमी मतांनी विजयी झाले. इतक्या थोड्या मतांनी एका खंडप्राय प्रश्नाची दिशा बदलावी काय? ती बदलली, कारण करारातील टप्पे पाळले जातात की नाही हे पाहणारा आणि चुकणाऱ्यास जाब विचारणारा कोणी नव्हता. १९९३ ते २००० या काळात पश्चिम किनाऱ्यावरील इस्रायली वसाहतींची वस्ती लाखाच्या आसपासवरून दोन लाखांच्या घरात गेली, आणि हे सारे 'शांतताप्रक्रिया' चालू असताना झाले!

जानेवारी २००६ मध्ये पॅलेस्टिनी मतदारांनी १३२ पैकी ७४ जागा हमासला दिल्या. परदेशी निरीक्षकांनी निवडणूक चोख झाल्याचा निर्वाळा दिला. अमेरिका, रशिया, युरोपीय संघ आणि युनो या चौकडीने तीन अटी घातल्या: इस्रायलला मान्यता, हिंसेचा त्याग आणि पूर्वीच्या करारांचा स्वीकार. अटी आम्हांला अवाजवी वाटत नाहीत. निरपराधांना मारणाऱ्याशी जगाने गुळमुळीत बोलू नये. परंतु अटी घालून जग स्वस्थ बसले. पैसा रोखला, दरवाजे बंद झाले, जून २००७ मध्ये हमासने गाझा बळाने बळकावले, आणि त्यानंतर पॅलेस्टिनींची संसदेसाठी निवडणूक झालीच नाही. मे २०२१ ची जाहीर झालेली निवडणूकही पुढे ढकलली गेली. ७ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे हमासने सुमारे बाराशे माणसे मारली आणि अडीचशेंना ओलीस नेले. त्यानंतरच्या युद्धात गाझाच्या आरोग्य खात्याच्या मोजणीप्रमाणे साठ हजारांवर माणसे मेली. त्यांत २००६ साली ज्यांचा जन्मही झाला नव्हता अशी किती मुले असतील!

आपल्या ख्रिस्तसभेचा या प्रश्नाशी संबंध केवळ तीर्थयात्रेपुरता नाही. १९४७ च्या ठरावात जेरुसलेम आणि बेथलेहेम कोणाही एका राज्यात न घालता आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली ठेवावयाचे होते. पोप बारावे पायस यांनी १९४८ आणि १९४९ सालच्या परिपत्रकांत हाच आग्रह धरला. तो कोणी ऐकला नाही. १९९३ साली व्हॅटिकनने इस्रायलशी मूलभूत करार केला आणि २०१५ साली पॅलेस्टाईन राज्याशी. दोघांशी नाते जोडून दोघांनाही सत्य सांगण्याची वाट त्याने पत्करली.

त्याचबरोबर आपली झोळी तपासणेही भाग आहे. गुड फ्रायडेच्या उपासनेत यहुद्यांसाठी जी प्रार्थना शतकानुशतके लॅटिनमधून होत असे, तिच्यात त्यांना लावलेले विशेषण 'विश्वासघातकी' या अर्थाने ऐकले जाई. पोप तेविसावे जॉन यांनी १९५९ साली ते काढून टाकले. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने प्रभूच्या मरणाचा दोष सरसकट यहुदी लोकांवर टाकण्यास मनाई केली. युरोपातील यहुद्वेषाला खतपाणी घालणाऱ्यांत ख्रिस्ती माणसे होती, हे पोप जॉन पॉल दुसरे यांनी मार्च २००० मध्ये जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीपाशी क्षमायाचनेची चिठ्ठी ठेवून मान्य केले. आम्हां मराठी ख्रिस्ती लोकांना यहुदी हा शब्द परका नाही. कोकणातील बेने इस्रायल मंडळी आपलीच भाषा बोलत, तेल गाळीत आणि शब्बाथ पाळीत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांनी त्यांना धर्मासाठी कधी छळले नाही. त्यांतील हजारो कुटुंबे पुढे इस्रायलात गेली. तेथेही त्यांच्या यहुदीपणाविषयी शंका काढल्या गेल्या, तेव्हा त्यांनी सत्याग्रह केला आणि १९६४ साली संसदेकडून आपला हक्क वदवून घेतला.

त्याच गुड फ्रायडेला दुसरीही एक गोष्ट होते. अमरावती धर्मप्रांत १९५५ साली नागपुरापासून वेगळा झाला; अमरावतीच्या आणि अकोल्याच्या देवळांत, तशाच बुलढाणा-यवतमाळकडील लहानशा प्रार्थनामंदिरांत, क्रूसाला वंदन करण्याच्या दिवशी पवित्र भूमीसाठी दान गोळा होते. पोप सहावे पॉल यांनी १९७४ साली या दानाला आजचे वळण दिले. त्याचा मोठा भाग, चौदाव्या शतकापासून पवित्र स्थळांची राखण करणाऱ्या फ्रान्सिस्कन बंधूंकडे जातो, आणि त्यातून तेथील शाळा चालतात, घरे उभी राहतात. तुरीच्या पैशातून, पगारातून, आजीबाईंच्या कमरेच्या पिशवीतून निघालेली ती नाणी म्हणजे आपल्या धर्मग्रामाची आंतरराष्ट्रीय जबाबदारीच होय, असे आम्ही म्हटले तर कोणी हसू नये. पण नाणे टाकून मान वळविणे आणि भारत सरकारने १९४७ साली विरोधी मत टाकून मान वळविणे यांत फारसा फरक नाही. भारताने १९५० साली इस्रायलला मान्यता दिली, १९८८ साली पॅलेस्टाईनला दिली, १९९२ साली इस्रायलशी पूर्ण संबंध जोडले. दोन्ही घरी ज्याचे जाणे-येणे आहे, अशा शेजाऱ्याने भांडणाच्या वेळी आपली कवाडे लावून घ्यावीत हे आम्हांस रुचत नाही.

१९ जुलै २०२४ रोजी हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने इस्रायलचा १९६७ पासूनचा ताबा बेकायदा असल्याचे मत दिले आणि तो चालू राहण्यास हातभार न लावण्याचे बंधन इतर सर्व राज्यांवरही आहे असे सांगितले. सप्टेंबर २०२५ मध्ये दोन राज्यांच्या तोडग्याचा जाहीरनामा आमसभेत १४२ मतांनी संमत झाला. भारताचे मत या खेपेस बाजूने पडले. ऑक्टोबरात युद्धविराम झाला, आणि १७ नोव्हेंबरला सुरक्षा समितीने गाझासाठी आंतरराष्ट्रीय सेनेला मंजुरी दिली. या मंजुरीस २०२७ च्या अखेरची मुदत घातली आहे. पॅलेस्टिनींच्या राज्याबद्दल त्याच ठरावात 'मार्ग' असा शब्द आहे. त्याला तारीख नाही. नागपूर करार वाचलेल्या वऱ्हाडी वाचकाला अशी भाषा ओळखीची वाटेल.

गाझा शहरात पवित्र कुटुंबाच्या नावाचे एकच कॅथलिक धर्मग्राम आहे. युद्ध सुरू झाल्यापासून पोप फ्रान्सिस जवळजवळ रोज संध्याकाळी तेथे फोन करीत आणि 'आज जेवलात काय' असे विचारीत. शेवटचा फोन त्यांनी १९ एप्रिल २०२५ रोजी, पुनरुत्थानाच्या आदल्या संध्याकाळी केला. दोन दिवसांनी ते निवर्तले. १७ जुलैला त्या देवळावर इस्रायली तोफगोळा पडला, तिघे मरण पावले, धर्मगुरूही जखमी झाले. दुसऱ्या दिवशी जेरुसलेमचे लॅटिन पेट्रिआर्क कार्डिनल पिझ्झाबाल्ला आणि ग्रीक ऑर्थोडॉक्स पेट्रिआर्क थिओफिलस हे दोघे मिळून गाझात गेले, आणि देवळाच्या आवारात आसऱ्याला असलेल्यांसाठीच नव्हे, तर आजूबाजूच्या मुसलमान घरांसाठीही अन्न आणि औषधे पोचविण्याची व्यवस्था त्यांनी केली.